लेथवरून उतरवलेलं लाकूड नंतर वाकतं: कारण कसं ओळखायचं आणि काय करायचं

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायच्या यंत्रावर, असताना वाडगा चोख गोल असतो. पॉलिश करून फळीवर ठेवला की पंधरा दिवसांत टेबलावर डुगडुगायला लागतो. डबीचं झाकण श्रावणात नीट बसतं आणि मे महिन्यात अडकून बसतं. लाटणं ओट्यावर फिरवलं की मधेच उडी मारतं. दोष मग हत्याराला जातो, चकला (लेथवर लाकूड आवळून धरणाऱ्या जबड्यांना) जातो, नाहीतर पॉलिशला. यातलं चक सोडलं तर बाकीच्यांचा संबंध थोडाच. लाकूड वाकणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: ओंडक्याच्या कुठल्या भागातून तुकडा काढला, कातताना त्यात पाणी किती होतं, आणि तयार वस्तू शेवटी कुठल्या हवेत जाऊन राहणार आहे. तिसरी गोष्ट सर्रास विसरली जाते, म्हणून खाली तिच्यासाठी जरा जास्त जागा घेतली आहे.

आधी वाकलेला आकार नीट बघा

वस्तू कशी वाकली यावरूनच बरंचसं निदान होतं, त्यामुळे लगेच सँडपेपर हातात घेऊ नका.

वाडग्याच्या काठाचे दोन व्यास व्हर्निअरने मोजा, एक रेषांच्या (लाकडाच्या धाग्यांच्या) दिशेने आणि एक रेषांना आडवा. आडवा व्यास कमी भरला तर लाकूड ओलं कातलं गेलं आणि नंतर आटलं. काठ दोन ठिकाणी उचललेला आणि दोन ठिकाणी बसलेला दिसत असेल तर तेही याच कारणाचं रूप आहे.

काठ चार ठिकाणी किंचित दबलेला आणि मधे फुगलेला असेल, शिवाय हा आकार वस्तू चकमधून सोडताक्षणी दिसला असेल, तर तो लाकडाचा दोषच नाही. पातळ भिंतीला चार जबड्यांनी आवळून धरलं, त्या दाबाखाली ती गोल कातली आणि दाब सुटल्यावर भिंत मूळ जागी परतली. पडताळा सोपा आहे. शेवटचा हात फिरवण्याआधी चक पाव फेरा सैल करा, लेथ हाताने फिरवून पेन्सिल काठाला टेकवा. रेघ सलग न उमटता तुटक उमटली तर गुन्हेगार चक. अशा वेळी भिंत चकमध्ये धरू नका, तळाला टेनन, म्हणजे चकने धरायचा छोटा गोल खुंट, ठेवा.

रेषा आडव्या लावलेल्या वाडग्यात लाकडाची दोन तोंडं, म्हणजे रेषा जिथे आडव्या कापल्या जाऊन संपतात ती टोकं, काठावर समोरासमोर येतात. चीर तिथूनच आत गेली असेल तर लाकूड फार घाईने वाळलं. चीर तळाच्या मधोमध चांदणीसारखी असेल तर तळात भेंड राहिली आहे, म्हणजे खोडाच्या अगदी मध्यावरचा तो मऊ ठिपका.

लाटणं, खेळण्याची दांडी, देव्हाऱ्याचा खांब असं लांबट काम एका बाजूला बाकलं असेल तर रेषा तिरक्या होत्या, किंवा लाकूड फांदीचं अथवा कललेल्या खोडाचं होतं. याची खूण कातताना मिळालेली असते. धारदार गोज (पन्हळीच्या पात्याचं कातायचं हत्यार) चालवूनही एका बाजूला पृष्ठभाग लोकरीसारखा तंतुमय राहतो, साफ होतच नाही. रुंद पानांच्या झाडांत कललेल्या खोडाच्या वरच्या अंगाला असं ताणलेलं लाकूड तयार होतं. साधं लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, पण हे आटतं, आणि दांडी त्या बाजूला ओढली जाते. अशा तुकड्याची लांब वस्तू होणार नाही. त्यातून गुंड्या, मुठी किंवा छोट्या डब्या काढा.

आटतं म्हणजे नेमकं किती

ताज्या तोडलेल्या लाकडातलं पाणी दोन जागी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी उडून गेलं तरी लाकूड हलकं होतं, आकार बदलत नाही. कोरड्या वजनाच्या साधारण 28 टक्क्यांपर्यंत पाणी उतरलं की भिंतीतलं पाणी जायला लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. म्हणून ओला वाडगा पहिले काही दिवस शहाण्यासारखा गोल राहतो आणि आपण निर्धास्त होतो.

आकसणं सगळ्या दिशांना सारखं असतं तर अडचण आलीच नसती, वाडगा नुसता लहान झाला असता. पण पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान वलयांच्या (खोडातल्या वाढीच्या गोल रेघांच्या) बरोबरीने सुमारे 5.8 टक्के आटतं, गाभ्याकडून सालीकडे सुमारे 2.5 टक्के, आणि लांबीत एक टक्क्याच्या पाचव्या भागाइतकंही नाही. वाडगा अंडाकृती होतो तो या फरकामुळे. ओल्या सागाचा 250 मिमीचा वाडगा एका दमात पूर्ण कातला आणि तो 12 टक्क्यांपर्यंत वाळला, तर आडवा व्यास 8 मिमीच्या आसपास कमी होतो. सुतारी भाषेत अडीच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). इतकी चूक कुठल्याही पॉलिशखाली लपत नाही.

सागवान तरी यात बरं. शिवण आणि फणस निमूटपणे वाळतात. शिसम बरं असतं, पण जड असल्याने वेळ खातं. आंबा स्वस्त आणि मुबलक आहे, कातायला चांगला, मात्र पावसाळ्यात ओला ठेवला की निळसर-काळे डाग पडतात आणि भुंगा लागतो. बाभळीची लाटणी टिकाऊ असतात, पण तिच्या तोंडाला फार लवकर चिरा जातात. निलगिरी या कामात शक्यतो घेऊच नका. आटते भरपूर, पिळते आणि वाळताना आतून खचते. कुणी फुकट दिली तरी नको.

ओंडका आल्या दिवशी करायची कामं

लाकूड तोंडातून जितक्या वेगाने पाणी सोडतं त्याच्या पासंगालाही अंगातून सोडत नाही. म्हणून तोंडं आधी बंद करायची, आणि तीही कापल्या दिवशीच. मेणबत्तीचं मेण वितळवून ब्रशने जाड थर द्या. मेण नसेल तर फेविकॉलचे दोन-तीन जाड हात चालतात. जुना ऑइल पेंट शेवटचा पर्याय. साल राहू द्या. तोंडावर आधीच केसाएवढ्या चिरा दिसत असतील तर तो भाग करवतीने उडवा आणि मगच मेण लावा. चिरेवर लावलेलं मेण ती चीर थांबवत नाही.

वाडग्यासाठी ओंडका कापताना लांबी हव्या असलेल्या व्यासापेक्षा निदान 50 मिमी जास्त ठेवा, टोकं पुढे चिरून वाया जातातच. मग ओंडका भेंडीतून उभा चिरा आणि दोन्ही अर्ध्या भागांवरून भेंडीलगतचं 20 ते 25 मिमी लाकूड काढून टाका. इथे कंजुषी केली की पुढची सगळी मेहनत पाण्यात. भेंडीभोवतीची वलयं घट्ट वळलेली असतात, आतलं लाकूड आटायला बघतं आणि त्याला जायला जागा नसते. भेंड असलेल्या तुकड्यातून न फुटलेला वाडगा काढणारे लोक आहेत, पण ते भिंत 4-5 मिमी ठेवून ओल्यातच काम पूर्ण करतात आणि वाकलेला आकारच हवा असतो. तो निराळा प्रकार. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवता येत असेल तर जरूर करा.

वलयं वाडग्यात समतोल बसतील असा तुकडा लेथवर लावा. तोंडाकडून बघितल्यावर वलयांची कमान मधोमध असावी, एका बाजूला सरकलेली नसावी. सरकलेली असेल तर वाडगा अंडाकृती तर होईलच, वर तिरकाही होईल.

दोनदा कातायचं, आणि मधे वजन करायचं

उपाय नवा नाही: ओल्यात कच्चा घाट, म्हणजे जाड भिंतीचा ढोबळ आकार, काढायचा, वाळवायचा, मग दुसऱ्यांदा कातून पूर्ण करायचा. कच्च्या घाटाची भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी ठेवतात, म्हणजे 250 मिमीच्या वाडग्याला 25 मिमी. तळही तेवढाच. तळ जाड आणि भिंत पातळ राहिली तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने वाळतात आणि जोडावर चीर पडते. नवशिक्यांचे निम्मे वाडगे इथेच जातात.

टेननचा विचार आत्ताच करायचा. चकचे जबडे 50 मिमीला नीट धरत असतील तर ओल्यातला टेनन 60 मिमीचा ठेवा. वाळल्यावर तो अंडाकृती होईल. तेव्हा वाडगा पालथा करून लाकडी गोळ्यावर टेकवा, टेलस्टॉकने (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधाराने) दाबून धरा आणि टेनन पुन्हा गोल करून घ्या. अंडाकृती टेनन तसाच चकमध्ये आवळला की काम थरथरतं आणि एखाद्या वेळी उडून अंगावर येतं.

आता वजनाचा भाग. साधारण सल्ला असा असतो की दर आठवड्याला वजन करा आणि ते उतरायचं थांबलं की वाळलं समजा. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. वजन थांबलं म्हणजे लाकूड तिथल्या हवेशी जुळलं, एवढंच. जुलैत रत्नागिरीच्या पडवीत ते ज्या आकड्यावर थांबेल तो आकडा सोलापूरच्या घरासाठी ओलाच आहे. म्हणून थांबण्याची वाट बघण्यापेक्षा कुठल्या वजनाला थांबायचं हे आधीच काढून ठेवा. त्याला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक ओटीजी (बेकिंगची छोटी विजेची भट्टी) पुरतं.

तुकडा गोल करताना कोपरे कापून निघतात. त्यातला मधल्या भागाचा, गाठ किंवा साल नसलेला एक तुकडा त्याच मिनिटाला तोला. समजा तो 100 ग्रॅम भरला. त्याच्या बोटाएवढ्या जाड चिपा करा, एकही वगळू नका, आणि ओटीजीत 100 ते 105 अंशांवर ठेवा. पहिल्या चार-पाच तासांनंतर दर तासाला तोला. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की तुकडा पूर्ण कोरडा. समजा आता 62 ग्रॅम भरला. गेलेलं पाणी 38 ग्रॅम, 38 भागिले 62, म्हणजे 61 टक्के ओलावा. भागायचं ते कोरड्या वजनाने, ओल्या नव्हे. हा घोटाळा वारंवार होतो.

कच्चा घाट कातून झाल्या झाल्या त्याचंही वजन घ्या. समजा 1600 ग्रॅम आहे. 1600 ला 1.61 ने भागलं की त्याचं कोरडं वजन 994 ग्रॅम. आपल्याला 12 टक्के हवे असतील तर 994 गुणिले 1.12, म्हणजे 1113 ग्रॅम. 10 टक्के हवे असतील तर 1093. ही दोन वजनं, तारीख आणि लाकडाचं नाव तळावर पेन्सिलीने लिहून ठेवा. आता तो वाडगा कधी तयार होईल याचा अंदाज बांधत बसायला नको, काटाच सांगेल.

पिनांच्या ओलावा-मीटरवर पूर्ण विसंबू नका. पिना पाच-सात मिमीच आत जातात आणि बाहेरची कातडी नेहमी आतल्यापेक्षा कोरडी असते. स्वस्त मीटर परदेशी मऊ लाकडावर बेतलेले असतात, साग-बाभळीवर त्यांचा आकडा घसरतो. ओटीजीच्या आकड्याशी एकदा ताडून बघा. फरक कळला की तेवढी दुरुस्ती धरून रोजच्या कामाला ते उपयोगी पडतं.

वाळवताना पहिले दोन-तीन आठवडे नाजूक असतात. घाटाच्या बाहेरून, विशेषतः रेषांची तोंडं जिथे येतात तिथे मेण लावा, आतली बाजू उघडी ठेवा. मग तो वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत किंवा ब्राऊन पेपरच्या पिशवीत गुंडाळून जमिनीलगत, सावलीत, वारा थेट लागणार नाही असा ठेवा. कागद दमट झाला की बदला. प्लॅस्टिकची पिशवी बुरशी आणते. ओल्या छिलक्यांत पुरून ठेवण्याची पद्धतही पावसाळी हवेत बुरशीच देते. छिलके वापरायचेच तर कोरडे घ्या. आठवड्याला वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर आणखी एक पिशवी चढवा. फारच रेंगाळत असेल तर एक काढा. 250 मिमीच्या सागाच्या घाटाला साधारण चार ते सहा महिने धरा. शिसम, बाभूळ यांना त्याहून जास्त.

इतकं थांबायचं नसेल तर घाट उकळून काढता येतो. भिंतीच्या दर 25 मिमी जाडीला एक तास, पूर्ण बुडवून. उकळल्याने लाकडातला ताण सैल होतो आणि पाणी पुढे लवकर सुटतं, चिरा कमी पडतात. भांडं स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं घ्या. लोखंडी पातेल्यात बाभूळ, साग असं टॅनिनवालं लाकूड काळं पडतं आणि तो काळेपणा वरवरचा नसतो. पाणी भांड्यातच निवू द्या, गरम घाट काढून पंख्याखाली ठेवू नका. रंग थोडा फिका होतो, त्याची तयारी असावी.

मायक्रोवेव्ह फक्त छोट्या, अर्ध्या किलोच्या आतल्या कामासाठी. अर्ध्या ताकदीवर एक मिनिट, बाहेर काढून अर्धा तास थंड, वजन, पुन्हा एक मिनिट. हाताला चटका बसण्याइतका तुकडा तापला तर वेळ जास्त झाली. घाई केली तर लाकूड आतून जळतं, बाहेरून काहीच दिसत नाही आणि मग अचानक धूर निघतो.

वस्तू राहणार कुठे?

लाकूड कायम आजूबाजूच्या हवेशी हिशोब जुळवत असतं. 27 अंशांच्या आसपास, हवेतली सापेक्ष आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकूड 6 टक्क्यांवर येऊन थांबतं. आर्द्रता 50 असेल तर 9 वर, 65 ला 12, 80 ला 16 आणि 90 ला 20 च्या जवळ. कोकणातला आषाढ-श्रावण आणि विदर्भातला वैशाख डोळ्यांपुढे आणा, म्हणजे एकाच वाडग्याला राज्यातल्या राज्यात केवढा प्रवास करावा लागतो ते कळेल. सावंतवाडीत पावसाळ्यात कातलेली वस्तू दिवाळीला नागपूरला भेट गेली, तर मे येईपर्यंत तिच्यातलं आठ-दहा टक्के पाणी निघून जाणार. सागाला दर एक टक्का पाण्यामागे वलयांच्या दिशेने सुमारे 0.2 टक्के आकसावं लागतं. 200 मिमीच्या थाळीला हे 3-4 मिमी झालं, म्हणजे एक सूत आणि वर.

म्हणून दुसऱ्यांदा कातण्याआधीचं लक्ष्य गावानुसार बदला. मुंबई-कोकणासाठी 12 ते 13 टक्के ठीक. पुणे, नाशिक, कोल्हापूरला 10 ते 11. मराठवाडा-विदर्भासाठी 8 ते 10. मुलीकडे अमेरिकेत पाठवायचा पोळपाट असेल तर 7-8 वर आणा, कारण थंडीत हीटर लावलेल्या घरात आर्द्रता 25 टक्क्यांपर्यंत खाली जाते. दिवसरात्र एसी चालणारी दुकानंही कोरडीच समजा.

कोकणात पावसाळ्यात 12 टक्के नुसत्या हवेवर येणारच नाहीत. त्यासाठी पेटी करावी लागते. प्लायचं खोकं किंवा बंद पडलेल्या फ्रीजचं कपाट घ्या, तळाशी आणि वर प्रत्येकी तीन-चार 20 मिमीची भोकं पाडा, तळाला 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा. एलईडी इथे कुचकामी, उष्णता हवी आहे. बल्बभोवती जाळी, बल्ब आणि लाकूड यांत निदान 300 मिमी अंतर, आणि खोक्यात भुशाचा कणही नको. आतलं तापमान 35 ते 40 अंशांत राहिलं पाहिजे. वाढलं तर भोकं वाढवा. ताजा ओला घाट यात थेट घालू नका, तो फुटेल. आधी कागदात गुंडाळून 20 टक्क्यांच्या आसपास आला की पेटीत. पेटीतून काढलेला घाट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कातून पॉलिश करायचा. चार दिवस पावसाळी हवेत पडू दिला की तो पुन्हा पाणी पितो.

वखारवाल्याने सुकं म्हणून दिलेलं लाकूडही वाकतं

इथे दोन शक्यता. पहिली साधी: बाहेरून सुकं, आतून ओलं. 75 मिमी जाडीचा ठोकळा वर्षभर पडून असला तरी मध्ये ओला असू शकतो. हवेवर वाळायला इंचाला वर्ष धरतात. ठोकळा मधोमध कापून कापलेल्या ताज्या तोंडावर मीटर लावा. कडेला आणि मध्यात 2-3 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो कातायचा नाही, कच्चा घाट काढून ठेवायचा.

दुसरी शक्यता फसवी असते. भट्टीत घाईने वाळवलेल्या लाकडाची बाहेरची कातडी आधी वाळून ताणलेल्या अवस्थेतच कडक होते, आतला भाग मागाहून आटतो आणि ताण तिथेच अडकून राहतो. मीटर 10 टक्के दाखवतं, सगळं आलबेल दिसतं, आणि आतून पोखरायला सुरुवात केली की भिंत डोळ्यांदेखत सरकते. याची परीक्षा अशी: फळीच्या टोकापासून वीतभर आत 20 मिमीची आडवी चकती कापा. तिच्या मधला भाग करवतीने काढून टाका, म्हणजे फळीच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाची दोन बोटं उरतील. बोटं सरळ राहिली तर ठीक. कापताच किंवा दुसऱ्या दिवशी ती आत एकमेकांकडे वळली तर लाकडात ताण आहे. असं लाकूड टाकून द्यायला नको, पण त्यालाही ओल्या लाकडासारखंच दोनदा कातावं लागेल. मधली विश्रांती दोन-तीन आठवडे पुरते.

जुन्या वाड्यांच्या तुळयांचं सागवान या बाबतीत उत्तम. मात्र खिळ्यांसाठी मॅग्नेट फिरवा, आणि अख्ख्या खोडाची तुळई असेल तर भेंडीपासून निघालेल्या जुन्या चिरा कुठवर गेल्यात ते आधी बघा.

लाटणं, डबी, पोळपाट

लाटण्यात रेषा दांडीला समांतर असणं हेच सगळं काही. 300 मिमी लांबीत रेषा 10 मिमीहून जास्त तिरकी जात असेल तर तो दांडा वगळा. करवतीने कापलेल्यापेक्षा कुऱ्हाडीने फाडलेला दांडा बरा, कारण फाडताना लाकूड आपणच रेषेवरून सुटतं. 35 मिमीच्या लाटण्यासाठी 45 मिमीचे चौकोनी दांडे करून हवेशीर जागी पट्ट्यांवर रचून वाळवा. काही वाकतील, ते आत्ताच वाकू देत. मग 40 मिमीपर्यंत गोल करा, दोन आठवडे उभे टांगून ठेवा आणि शेवटी मापावर आणा. दोन्ही सेंटर, म्हणजे लेथ दांड्याला टोकांना धरतो ते बिंदू, बरोबर मध्यावर घ्या. एका अंगाचं लाकूड जास्त निघालं तर ताण एकतर्फी सुटतो. तयार लाटणं ओट्याच्या ग्रॅनाइटवर लोटून बघा, खालून उजेडाची फट आली तर परत लेथवर. गिऱ्हाइकालाही एक सांगा: धुतल्यावर आडवं ओल्या ओट्यावर टाकायचं नाही, उभं ठेवायचं किंवा टांगायचं.

झाकणाच्या डबीत रेषा उभ्या असतात, तरीही ती अंडाकृती होते. सागाची 70 मिमीची डबी 16 टक्क्यांवरून 8 वर आली तर एका दिशेने सुमारे 0.5 मिमी आणि दुसऱ्या दिशेने 1.2 मिमी आटते. झाकण आणि डबी एकाच तुकड्यातून लागोपाठ काढली असतील तर दोन्ही सारखीच अंडाकृती होतात आणि रेषा जुळवून लावली की झाकण बसतं. फिरवून लावलं की अडकतं. म्हणून वेगळं करण्याआधी दोन्हींवरून एक पेन्सिल रेघ ओढून ठेवा आणि पुढे तिथे एखादी बारीक खूण कोरा. दोन्ही आधी आतून पोखरून 10 मिमी भिंत ठेवा, दोन-तीन आठवडे झाकण बाजूला काढून ठेवा, मगच तोंड जुळवा. एका दिवसात पूर्ण केलेल्या डबीचं झाकण घट्ट बसवण्याचा हट्ट धरू नये.

पोळपाट खोलगट होतो कारण त्याचा एक पृष्ठभाग दुसऱ्यापेक्षा कोरडा असतो, किंवा फळी मुळात ओली होती. ओली फळी वाळताना सालीकडच्या बाजूने खोलगट होते. त्यामुळे पोळपाटाची वरची बाजू गाभ्याकडची ठेवा. वाकलाच तर मध्यभाग किंचित उंच राहील, लाटणं खड्ड्यावरून जाणार नाही. खाली आडवी पट्टी चिकटवून तो सरळ राखायचा प्रयत्न करू नका, फळीला आटायला जागा मिळत नाही आणि ती फुटते. पट्टी हवीच असेल तर मधे एकच पक्का स्क्रू, टोकांना लांबट भोकं आणि गोंद नाही.

पॉलिशने काय होतं आणि काय होत नाही

पॉलिश पाण्याचं येणं-जाणं मंद करतं, बंद करत नाही. ओल्या लाकडावर चढवलेलं मेलामाइन पॉलिश वाकणं काही आठवडे लांबवतं, म्हणजे ते तुमच्याऐवजी गिऱ्हाइकाच्या घरी होतं. मात्र आत-बाहेर आणि तळाला सारखेच हात दिले तर दोन्ही बाजू एका वेगाने पाणी देतात-घेतात, हा खरा फायदा. दिसत नाही म्हणून तळ कोरा सोडलेल्या थाळ्याच आधी वाकतात. चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश दमटपणा चांगला अडवतं, पण गरम आमटीपुढे टिकत नाही. खाण्याच्या वस्तूंना खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल आणि मधमाशीचं मेण लावा. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल सुकत नाही, कालांतराने खवट वास येतो.

लेथवर रंगीत लाख चढवणाऱ्यांनी तर लाकूड कोरडं केल्याशिवाय कांडी टेकवूच नये. घर्षणाने लाख वितळते तेवढ्या उष्णतेत आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं आणि लाखेला फोड येतात, किंवा महिन्याभरात ती खपल्यांनी सुटते.

सँडपेपरही जपून. जुना, गुळगुळीत झालेला कागद दाबून धरला की रेषांच्या तोंडांवर लाकूड तापतं आणि केसाएवढ्या चिरा पडतात. त्या तेव्हा दिसत नाहीत, तेल लावल्यावर काळ्या रेघा होऊन उमटतात. वेग कमी करा, कागद बदला, अंगठ्याला ऊब लागली की थांबा.

वाकून गेलंय, आता?

भिंत जाड असेल तर महिनाभर थांबा, वजन स्थिर झालं की टेनन गोल करून पुन्हा कातून घ्या. भिंत 8 मिमीच्या आत असेल तर कातून गोल करण्यात अर्थ नाही, एका बाजूला कागदासारखी पातळ होईल. फक्त तळ सपाट करा. काचेवर 80 नंबरचा सँडपेपर चिकटवून त्यावर तळ घासला की डुगडुग जाते आणि अंडाकृती वाडगा तसाच वापरता येतो.

पोळपाट खोलगट झाला असेल तर खोलगट बाजू खाली करून ओल्या, पिळलेल्या फडक्यावर रात्रभर ठेवा. सकाळी सरळ दिसला की दोन्ही बाजूंना हवा लागेल असा पट्ट्यांवर उभा ठेवून आठवडाभर वाळवा, मग दोन्ही बाजूंना तेल. एकतर्फी दमटपणामुळे वाकला असेल तर हा उपाय टिकतो. फळीच ओली होती म्हणून वाकला असेल तर तो परत वाकेल, तेव्हा रंध्याने सपाट करण्यावाचून इलाज नाही. बाकलेलं लाटणं वाफेवर सरळ करता येतं आणि पहिल्या पावसाळ्यात पुन्हा बाकतं. ते कापून त्याच्या मुठी करा.